बाईंचं माप चुकलं नव्हतं

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढायचं ठरवलं आहे आणि भामरेबाईंवर मी लिहावं असा त्यांचा आग्रह आहे. नमुना म्हणून त्यांनी इतरांचे दोन-तीन मजकूर मोबाइलवर पाठवले. एकीनं लिहिलंय, 'बाई आधी फार तापट होत्या, पण शेवटी किती शांत, किती प्रेमळ झाल्या!' दुसऱ्यानं लिहिलंय, 'वयानं माणूस पिकतो, हे बाईंकडे बघून कळलं.'

पिकतो म्हणे. बाई पिकल्या नव्हत्या. बाईंना पाडलं होतं. कोणी पाडलं ते मला ठाऊक आहे, आणि आजवर मी ते बोललो नाही. संपादक मुलगी म्हणाली, "सर, थोडं गोड लिहा हं." गोड लिहिणारे तिला पुष्कळ मिळतील.

भामरेबाई सुरतेतल्या आमच्या मराठी शाळेत गणित शिकवायच्या. मी मराठी शिकवायचो, त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. मी नोकरीला लागलो त्या दिवशी त्यांनी मला पहिलं वाक्य ऐकवलं ते असं : "सोनवणे, तुझी खुर्ची डुगडुगते. उद्या पडशील आणि लोक म्हणतील नवा मास्तर दारू पितो. आज सुताराला सांग." मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच पुठ्ठ्याची घडी घालून पायाखाली सरकवली आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

राग हा त्यांचा स्वभाव नव्हता, काम होतं. लग्न केलेलं नव्हतं. डिंडोलीला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. उंची बेताची, आवाज मात्र मैदानाच्या पलीकडे जाणारा. पर्समध्ये कंगवा नसेल, पण मापाची टेप असायचीच. कुणीही काहीही ठामपणे सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न : "मोजलंस का?" पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधून पाळी करून आलेला, हाताला अजून रंग असलेला एखादा बाप फाटकाशी म्हणायचा, "बाई, मन्हा पोऱ्या हुशार नही." बाई तिथंच उसळायच्या, "हुशार नही हाई कोनी ठराय? तू मोजं का?" शाळेत प्रमाण मराठी बोलणाऱ्या बाई राग आला की अहिराणीवर यायच्या आणि मग भल्याभल्यांची पळापळ व्हायची. 'नशीब' या शब्दाची त्यांना चीड होती. म्हणायच्या, "नशीब म्हणजे न मोजलेल्या गोष्टीला दिलेलं नाव."

शाळेचा नवा जिना झाला तेव्हाची गोष्ट. उद्घाटनाला मंडप, हार, पाहुणे, सगळं तयार. बाईंनी सकाळीच पायऱ्यांना टेप लावली. एकेक पायरी वेगळ्या उंचीची. ठेकेदार म्हणाला, "बेन, अर्धा-पाऊण इंचाने काय होतं?" बाई म्हणाल्या, "पाचवीचं पोर धावत उतरताना काय होतं ते तुला दाखवू का? तूच धाव." तो हसला. बाई जिन्याच्या मधोमध बसल्या. पाहुणे आले, हेडमास्तर हात जोडू लागले, बाई हलेनात. शेवटी रिबीन तशीच राहिली आणि पायऱ्या फोडून नव्यानं बांधल्या गेल्या. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे म्हणालो, "बाईंनी शाळेची इभ्रत घालवली." मीही म्हणालो. आज त्याच जिन्यावर उभं राहून माजी विद्यार्थी फोटो काढतात.

आणि कापडबाजार. सुरतेत राहून कापड घ्यायला कोण टेप नेतं? बाई न्यायच्या. दुकानदार लोखंडी मीटर कापडावरून असा झरझर सरकवायचा की टोकाशी बोट-दोन बोटं खाल्ली जायची. बाई कापड उलटं पसरून स्वतः मोजायच्या. "बेन, आखा सुरतमां कोई मापीने नथी जोतुं," असं तो म्हणाला की त्यांचं उत्तर ठरलेलं : "म्हणूनच तर आख्ख्या सुरतेचे ब्लाउज काखेत तंग होतात." बायको त्यांच्याबरोबर जायला लाजायची. पण आमच्या घरात तेव्हा कधी कापड कमी आलं नाही.

अशा बाई निवृत्त झाल्या आणि त्यांनी माहेरच्या जमिनीतला वाटा मागितला.

आमच्या खानदेशात बहिणीनं काय करायचं असतं ते ठरलेलं आहे. भावाला हक्कसोड लिहून द्यायची, डोळे पुसायचे, साडी-चोळी घ्यायची आणि दिवाळीला माहेर शिल्लक ठेवायचं. बाईंनी हक्कसोड दिली नाही. त्यांचा धाकटा भाऊ आबा पिंपळनेरच्या वरच्या अंगाला शेती करायचा. गावात कुजबुज झाली. शेवटी आबानं 'वरचं रान' त्यांच्या नावावर केलं, म्हणजे जे त्याला नकोच होतं ते : डोंगराचा उतार, साग, मोह, वडिलांनी लावलेली आंब्याची झाडं, मधेमधे खडक. "घे ताई, तुले हौस शे ना," असं म्हणून तो बायकोकडे बघून हसला. बाईंच्या सोबतीला मी तिथं होतो. ते हसणं मला दिसलं.

बाईंना त्या रानाचं सोनं दिसत होतं. आंब्यांच्या मधल्या पट्ट्यांत नागली आणि हळद, खालच्या अंगाला कुरण, पडलेलं लाकूड बाहेर काढायला वाट. वडील बैलांनी करायचे. आता बैल नव्हते. बाई म्हणाल्या, "ट्रॅक्टर घेणार. मीच चालवणार."

पुढचे दोन महिने मी टेपचं दुसरं टोक धरून रानात फिरलो. झाडाझाडांतलं अंतर, खालच्या फांद्यांची उंची, वळायला लागणारी जागा. शाळेतल्या कोनमापकाच्या मध्यावर दोरा, दोऱ्याला नट, आणि त्यातून बाई उतार मोजायच्या. घाम गाळत मी म्हणालो, "बाई, दुकानदारच सांगेल ना कोणता घ्यायचा ते." त्या म्हणाल्या, "दुकानदार त्याच्याकडे पडून असलेला सांगेल. डोंगर माझा आहे, त्याचा नाही."

कडोदऱ्याच्या रस्त्यावरच्या शोरूममध्ये आम्ही तिघं गेलो : बाई, आबा आणि मी. सेल्समननं आबाला हात दिला, मला थंडा दिला आणि बाईंना खुर्ची दिली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "सर, चलाववानो कोण?"

"मी," बाई म्हणाल्या.

तो हसला. "मजाक सारी करो छो, बेन." आणि आबाला एका धिप्पाड लाल ट्रॅक्टरपाशी घेऊन गेला. आबाचे डोळे चमकले. "ताई, हाऊ दख. गावात वट ऱ्हाई. किती घोड्यांचा आहे माहीत आहे?"

"घोडे मोजायचे असतील तर सारंगखेड्याच्या यात्रेत जा," बाई म्हणाल्या. "चढावर घोडे कामाचे नाहीत. बूड कामाचं. हा माझ्या दोन आंब्यांच्या मधून जाणारच नाही. आंबे तोडू?"

आणि साडीचा पदर खोचून त्या कोपऱ्यातल्या एका ठेंगण्या, अरुंद ट्रॅक्टरपुढे उकिडव्या बसल्या. पोटाखालची उंची मोजली. चारी चाकं ओढतात का विचारलं. मागची चाकं आणखी फाकवता येतात का, पुढं वजनं लावता येतात का, बसल्यावर पाय ब्रेकपर्यंत नीट पोचतो का. शेवटी त्यांनी सीटमागच्या लोखंडी कमानीवर थाप मारली. डोंगरात ट्रॅक्टर कलंडला तर तो पूर्ण उलटा होऊ नये, चालवणारा खाली चिरडला जाऊ नये म्हणून ती कमान असते. सेल्समन म्हणाला, "वो तो लोग निकाल देते हैं, मॅडम. झाड में अटकती है. शेड में नहीं जाता."

"काढतात?"

"हां, सब निकाल देते हैं."

"ज्यांच्या धडावर डोकं नाही त्यांनी खुशाल काढावी," बाई म्हणाल्या. "माझ्या सगळ्यात खालच्या फांदीखालून ही जाते. मी मोजलंय."

मग त्यांनी हट्ट धरला की ट्रॅक्टर सपाट अंगणात नाही, तापीच्या पाळ्यावर चढवून दाखवा. पाळा म्हणजे नदीकाठचा मातीचा उंच बांध. शोरूमच्या मालकानं डोकं धरलं, पण दिवाळीच्या आधी गिऱ्हाईक सोडवेना. मोठा लाल ट्रॅक्टर अर्ध्या चढावर नाक उचलू लागला. ठेंगणा गुमान चढला, गुमान उतरला. खाली उभं राहून आबा पुटपुटला, "खेळणं शे ते. लोक हसतीन." बाई ओरडल्या, "तुले कोनी इचारं?"

मला सेल्समननं बाजूला घेऊन म्हटलं, "सर, तुम्ही शिकलेले आहात. मॅडमना समजावा ना." मी काय केलं? मान डोलावली. पटलं नव्हतं, तरीही. कुणी काही म्हटलं की मान डोलवायची, हा माझा जन्माचा धंदा.

बाई त्याच शोरूमच्या मागच्या मैदानात ट्रॅक्टर शिकल्या. साठीची बाई चष्मा पुसत क्लच दाबतेय हे बघायला शेजारच्या गॅरेजमधली माणसं चहा घेऊन यायची. बाईंनी त्यांच्याकडे एकदाही बघितलं नाही. गावात ट्रॅक्टर पोचला तेव्हा भावजयीनं हळदकुंकू लावलं, नारळ फुटला, आणि रिवाजाप्रमाणे सगळे भाऊबंद मडगार्डवर चढून बसले. बाईंनी इंजिन बंद केलं. "उतरा. मडगार्ड हे चाकावर असतं, कुल्ल्यांखाली नसतं." माणसं फुगून उतरली. मग त्या एकट्या वरच्या रानात गेल्या. सरळ चढायचं, सरळ उतरायचं, उतारावर आडवं कधी जायचं नाही, हे त्यांनी आबाला चारदा बजावलं होतं. संध्याकाळी खाली आल्या तेव्हा अंगभर माती. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "सोनवणे, दोन्ही बाजूंना वीत-वीत जागा राहते रे. बरोब्बर वीत."

एक पावसाळा आणि एक हिवाळा असा गेला. नागली झाली. आमच्या घरी पिशवी आली. मग बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि सुरतेत ऑपरेशन झालं. त्यांना पाहणारं कुणी नव्हतं म्हणून मी दवाखान्यात होतो. त्या दिवशी त्या नर्सवर भडकलेल्या होत्या, थेंब घालायची वेळ चुकली म्हणून. माझ्याही वाट्याला थोडं आलं होतं.

मी व्हरांड्यात होतो तेव्हा आबाचा फोन आला. "सर, ट्रॅक्टर गोठ्यात ठेवायचा आहे. कमानीमुळे जात नाही. काढतो. ताईला विचारून सांगा ना."

"तूच विचार की."

"मी विचारलं तर ती माझ्या चार पिढ्या काढेल. तुमचं ऐकते ती."

दार अर्धं उघडं होतं. आत बाई डोळ्यावर पट्टी बांधून बसलेल्या. दहा पावलं जायचं आणि विचारायचं, इतकंच. त्या ओरडल्या असत्या. गोठ्याची चौकट फोड म्हणाल्या असत्या, ट्रॅक्टर बाहेर राहू दे म्हणाल्या असत्या. मला त्या दिवशी आणखी ओरडा नको होता. मी म्हणालो, "काढ सध्या. बाई आल्या की बसव परत."

आत गेलो. "कोणाचा फोन?" बाईंनी विचारलं.

"घरचा," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात आबा ट्रॅक्टर घेऊन वरच्या रानात गेला, आणि उतारावरून आडवा निघाला. गवतात एक जुना खुंट होता. वरच्या अंगाचं चाक खुंटावर चढलं. कमान असती तर ट्रॅक्टर कुशीवर पडून तिथंच अडला असता. तो पुरता उलटला. आबा वाचला, पण एक पाय गुडघ्यातून गेला.

आणि गावानं निकाल दिला. ठेंगणा घेतला म्हणून उलटला. खेळणं होतं. बाईनं निवडला, भावाला अधू केलं. हक्क घेतला, पाय घेतला. डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिल्यावर बाई गेल्या, मी बरोबर. धुळ्याच्या दवाखान्यात भावजयीनं त्यांच्याकडे पाठ फिरवली. बाईंनी खाटेपाशी जाऊन एकच विचारलं, "आबा, कमान?"

आबानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"तुटी गयी, ताई," आबा म्हणाला.

त्याला मी शिव्या देऊ शकतो, पण कुठल्या तोंडानं? त्याचा पाय गेला होता. माझं काय गेलं होतं? खरं सांगितलं असतं तर आबा गावात मूर्ख ठरला असता, मी बाईंसमोर चोर ठरलो असतो. दोघांनी मिळून आम्ही ते एका बाईवर ढकललं. गावात तशी सवयच आहे.

परतीच्या एसटीत बाई खिडकीशी बसल्या होत्या. नवापूरला गाडी थांबते तिथंच रस्त्याकडेला ते गॅरेज होतं, जिथं आबाच्या मेव्हण्यानं ट्रॅक्टर ओढून नेला होता. बसमधून त्याचं एक चाक दिसत होतं. बाई बराच वेळ तिकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उतरायचं का? एकदा बघते."

त्या उतरल्या असत्या तर त्यांना कमानीच्या जागी बोल्टांची स्वच्छ, रिकामी भोकं दिसली असती. तुटलेलं लोखंड आणि सोडवलेलं लोखंड यातला फरक त्यांना चष्म्याशिवायही कळला असता.

"उशीर होईल, बाई," मी म्हणालो.

गाडी सुटली. पुढचं उच्छल गाव मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "सोनवणे, माझं माप चुकलं का रे?"

जन्मभर दुसऱ्याला विचारलेला प्रश्न त्या आता स्वतःबद्दल विचारत होत्या आणि उत्तर शेजारच्या सीटवर बसलं होतं. मी म्हणालो, "नशीब असतं, बाई. आपल्या हातात नसतं."

मला वाटलं, आता उसळतील. त्या उसळल्या नाहीत. त्यांनी मान हलवली. माझ्यासारखीच.

पुढं त्यांनी न बघताच ट्रॅक्टरच्या विक्रीवर सही केली. वरच्या रानाची हक्कसोडही आबाला लिहून दिली, आणि साडी-चोळी घेतली. तिथं आता आंबे नाहीत. मेव्हण्यानं तोडून विकले. सुरतेत बाई देवळात जायला लागल्या. लोक म्हणू लागले, बाई किती निवळल्या! शेजारणी त्यांच्याकडे मुलं सोपवू लागल्या. तीच मुलं पुढं आमच्या शाळेत शिकली आणि आज स्मरणिकेत 'प्रेमळ' असं लिहितात.

बाई गेल्या त्या साध्या तापानं. दशक्रियेला मी गावी गेलो होतो. आबाच्या अंगणात ती कमान उभी होती, जमिनीत रोवलेली, न वाकलेली, आणि तिच्यावर दोडक्याचा वेल चढवलेला. चारी बोल्टांच्या जागा शाबूत. लोक जेवत होते आणि एकमेकांना सांगत होते, बाईंचा शेवट किती शांत झाला. आबा कुबडीवर टेकून उभा होता. आमची नजरानजर झाली. तो म्हणाला, "जेवून घ्या, सर." मी जेवलो.

स्मरणिकेच्या मंडळींना माझी विनंती आहे की यातलं एक अक्षर गाळू नये. गाळायचं असेल तर सगळंच गाळा. गावात वाचून दाखवायला मी स्वतः जाणार आहे, आणि आबाला तसं मी कळवलं आहे.

बाईंना मी धडधाकट शेवटचं पाहिलं ते कापडाच्या दुकानात. माझ्या मुलीच्या लग्नाची खरेदी होती. बायकोनंच त्यांना बोलावलं होतं. आता त्यांच्याबरोबर जायला तिला लाज वाटत नव्हती. दुकानदारानं लोखंडी मीटर कापडावरून झरझर सरकवला. टोकाशी दोन बोटं खाल्ली. मला दिसलं. बाईंनाही दिसलं, कारण त्यांचा हात पर्सकडे गेला. चेन उघडली. पिवळी टेप आत होती, मी पाहिली. बाईंनी तिच्यावर बोटं ठेवली, क्षणभर माझ्याकडे बघितलं, आणि चेन लावून टाकली.

"मापवानुं छे, माजी?" दुकानदारानं कात्री उचलत विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या. "बरोबरच असेल. माझंच चुकतं हल्ली."